घासला की चकचकीत, पंधरा दिवसांत पुन्हा हिरवा: मुलामा उडालेल्या जुन्या रेझरचं काय करायचं

तक्रार साधारण अशी असते. आजोबांच्या पेटीत, पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात एखादा जुना जिलेट सेफ्टी रेझर हाती लागतो. निकेलचा मुलामा कडांवर उडालेला असतो, आतलं पितळ पिवळं दिसत असतं. घरी आणून घासूनपुसून तो लख्ख केला जातो, दाढीही झकास होते. पंधरा दिवसांनी बघावं तर टोपीच्या (पात्यावर बसणाऱ्या वरच्या झाकणाच्या) खालच्या अंगाला, पात्याच्या दोन्ही टोकांशी आणि दांड्याच्या मुळाशी पुन्हा हिरवट थर. पुन्हा घासायचा, पुन्हा हिरवा. दोन-चार खेपांनंतर पिवळा डाग आधीपेक्षा मोठा दिसायला लागतो आणि मग प्रश्न येतो: नवं प्लेटिंग करून घेऊ का?

बहुतेक वेळा माझं उत्तर ‘इतक्यात नको’ असंच असतं. हिरवं परत येतं याचं कारण रेझर ओला राहतो, हे आहे. घासण्यात कसूर झालेली नसते. उलट दर वेळी जोर लावून घासल्यानं उरलासुरला मुलामा निघतो आणि पुढच्या वेळी हिरवं धरायला जास्त पितळ उघडं पडतं.

हिरवं म्हणजे नक्की काय

पितळेच्या पातेल्याला कल्हई का करायची, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. कल्हई उडाली की आंबट पदार्थ कळकतो. रेझरवरचा निकेल हीच कामगिरी करतो. पितळात साठ ते सत्तर टक्के तांबं आणि बाकी जस्त असतं. निकेल शाबूत आहे तोवर पाणी आणि साबण पितळापर्यंत पोचत नाहीत. कडा झिजल्या की पोचतात.

दाढीच्या साबणात आणि क्रीममध्ये स्टिअरिक आम्लासारखी मेदाम्लं भरपूर असतात. उघड्या पितळातलं तांबं त्यांच्याशी जुळून तांब्याचा साबण तयार होतो. तो निळसर हिरवा, मऊ, मेणासारखा असतो आणि नखानं निघतो. जुन्या रेझरवर दिसणारं हिरवं बरंचसं हेच. दुसरा प्रकार कडक: हवा, ओल आणि क्षार यांनी बनलेली हिरवी-काळी खपली. ती पितळाला घट्ट धरून असते आणि तिच्याखाली अनेकदा बारीक खड्डा निघतो.

आता एक गोष्ट पटकन पटत नाही, पण खरी आहे. मुलामा पूर्ण गेलेला रेझर बऱ्याचदा अर्धवट गेलेल्यापेक्षा शांत राहतो. ओलाव्यात निकेल आणि पितळ एकमेकांना चिकटून असले की झीज पितळाच्या वाट्याला येते. भोवती निकेलचं मोठं क्षेत्र आणि मध्ये टाचणीच्या टोकाएवढं उघडं पितळ अशी परिस्थिती असेल, तर सगळी झीज त्या एका ठिपक्यात एकवटते. म्हणून मोठ्या पिवळ्या डागापेक्षा बारीक हिरव्या ठिपक्यांवर जास्त लक्ष ठेवा.

रंग बघून निदान

नुसतं पिवळं, गुळगुळीत: उघडं पितळ. काही करायची गरज नाही, दाढीवर त्याचा परिणाम होत नाही.

तांबूस किंवा गुलाबी डाग: कुणीतरी लिंबू, चिंच किंवा व्हिनेगरमध्ये रेझर भिजवून ठेवला होता. आम्लात जस्त आधी निघून जातं आणि वर तांब्याचा थर राहतो. तो पॉलिशनं घालवता येतो, पण तेवढं धातूही जातं.

पात्याच्या कडेलगत गंजाची तपकिरी रेघ: हा गंज पात्याचा आहे, रेझरचा नाही. पितळ आणि निकेल असे तपकिरी गंजत नाहीत. साबण लावून पुसा आणि पातं बदला.

चुन्यासारखे पांढरे कडक डाग: बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्याचे क्षार. पाण्यात थोडं व्हिनेगर घालून कापसाच्या बोळ्यानं फक्त त्या डागावर टेकवा, मिनिटभरात धुऊन टाका. अख्खा रेझर बुडवू नका, नाहीतर वरचा गुलाबी डाग तुमच्याच हातून तयार होईल.

मुलाम्याखाली फोड, फोडाखाली करडी किंवा पांढरी पूड: हा पितळी रेझरच नाही. जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव तुकडा आहे आणि तो आतून खचतोय. त्याच्यावर पैसे घालू नका. कपाटात ठेवायला छान.

सगळीकडे मंद, पिवळसर धुरकट झाक: निकेलचं स्वाभाविक म्हातारपण. मऊ कापडानं थोडं पुसलं की उजळतं. नाही उजळलं तरी काही बिघडत नाही. रेझर काळा पडत असेल तर मुलामा चांदीचा असू शकतो. जिलेटच्या सुरुवातीच्या काळातल्या काही रेझरांवर चांदी होती.

एकदाच, पण नीट स्वच्छता

हाती आलेला रेझर दुसऱ्या कुणाच्या दाढीचा आहे हे विसरू नका. आधी पूर्ण सुटा करा. तीन तुकड्यांचा असेल (१९३० चा ‘न्यू’ किंवा १९३८ च्या सुमारास आलेला ‘टेक’) तर टोपी, खालची पट्टी आणि दांडा वेगळे होतात. बुड पिळून वरची दोन दारं उघडणारा असेल, म्हणजे १९३४ पासूनचे ‘ॲरिस्टोक्रॅट’ किंवा १९४७ चा ‘सुपर स्पीड’, तर तो सुटा होत नाही. तो फक्त पूर्ण उघडायचा. खिळे काढायचा मोह टाळा. कारखान्यात ठोकून पक्के केलेले जोड घरी पुन्हा तसे बसत नाहीत.

हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन-चार थेंब टाका, त्यात रेझर अर्धा तास ठेवा. मग मऊ टूथब्रश आणि फटींसाठी दातांच्या मधे घालायचा बारीक ब्रश. साबणाचा जुना थर हट्टी असतो, त्यामुळे पाणी बदलून दोनदा करावं लागेल. मेणासारखं हिरवं अजून कुठे उरलं असेल तर त्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब टाका आणि रात्रभर राहू द्या. तांब्याचा साबण तेलात सैल होतो आणि सकाळी कापसानं पुसला जातो. घासायचं काही कामच पडत नाही. कडक खपलीसाठी बांबूची दात कोरायची काडी वापरा. सुई, ब्लेडचं टोक किंवा तारेची घासणी यांतलं काहीही मुलाम्याच्या जवळ नेऊ नका.

शेवटी सर्जिकल स्पिरिटमध्ये दहा-पंधरा मिनिटं. जंतू मारायला ब्लीच वापरू नका, ते निकेल आणि पितळ दोन्हींना खातं. स्पिरिटबाबत एक अपवाद आहे, तो सोनेरी रेझरांचा. त्याबद्दल पुढे.

पितळ उजळायच्या पावडरी देवघरातल्या समईसाठी उत्तम, इथे नाहीत. त्यांत आम्ल आणि घासणारे कण असतात आणि समईला मुलामा नसतो. टूथपेस्टमध्येही घासणारे कण असतातच. शोभेसाठी वापरला जाणारा निकेलचा थर साधारण पाच ते वीस मायक्रॉनचा. तुमचं पातं शंभर मायक्रॉन जाड, म्हणजे ०.१ मिलिमीटर. त्याच्या पाचव्या हिश्शाइतका किंवा त्याहूनही पातळ थर दर महिन्याला घासत राहिलो तर तो किती दिवस पुरणार?

झाकण उघडताच ज्याचा नाकात झोंबणारा अमोनियाचा वास येतो असं पॉलिश किंवा काच पुसायचं द्रावण तर अजिबात नको. याचं कारण जरा रंजक आहे आणि थेट आपल्या पावसाळ्याशी जोडलेलं आहे. ब्रिटिश सैन्याची पितळी काडतुसं भारतात पावसाळ्याच्या दिवसांत आपोआप उभी तडकत. साठा घोड्यांच्या तबेल्यांजवळ असे. कोडं उलगडलं १९२१ मध्ये, मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांच्या अभ्यासातून. पत्रा ओढून-दाबून नळी बनवताना पितळात ताण राहून जातो, आणि जनावरांच्या मुतातून येणारा अमोनिया दमट हवेत त्या ताणाच्या जागी पितळ फोडतो. जिलेटच्या जुन्या गोल बुडाच्या रेझरांचा दांडा म्हणजेही पातळ, दाबून बसवलेली पितळी नळीच. संग्राहक खरेदी करण्याआधी दांड्यावरची उभी चीर शोधतात ती उगाच नाही. अशी चीर दिसली तर आतून पातळ इपॉक्सी सोडून ती थांबवता येते. पण दांडा जोरानं आवळायचा नाही, हे मग कायमचं.

मग हिरवं परत का येतं

इथे खरी मेख आहे. सवयी तपासा.

पातं रेझरमध्येच राहतं का? टोपी, पातं आणि खालची पट्टी हे तीन पत्रे एकमेकांना चिकटलेले असतात. त्यांच्या फटीतलं साबणाचं पाणी झटकून निघत नाही. बाथरूममध्ये ते दुसऱ्या दिवशीच्या दाढीपर्यंतही सुकत नाही. हिरवं नेमकं पात्याच्या टोकांशी दिसतं, कारण पाणी तिथेच अडकतं.

दांडा पोकळ आहे का? पिळून उघडणाऱ्या रेझरच्या नळीत पाणी शिरतं आणि उभा ठेवला की बुडाशी जाऊन साचतं. दांड्याच्या मुळाशी हिरवं येत असेल तर दुसरीकडे शोधायची गरज नाही.

तुरटी वापरता का? निसटू नये म्हणून ओल्या बोटांना तुरटी चोळून दांडा धरणारे बरेच आहेत. दाढीनंतर तोंडाला तुरटी फिरवून त्याच हातानं रेझर धुणारे त्याहून जास्त. तुरटीचं पाणी आम्लधर्मी असतं. दांड्यावरच्या नक्षीच्या खाचांत ते बसलं की निकेलमधल्या प्रत्येक बारीक छिद्रातून पितळ पोखरतं. दांडा हिरवा आणि डोकं स्वच्छ असं दिसलं तर माझा पहिला संशय तुरटीवर जातो. तुरटी सोडायची गरज नाही. आधी रेझर धुऊन पुसून ठेवा, मग तुरटी घ्या.

खोबरेल लावता का? हे सगळ्यांत गोंडस कारण. रेझरला तेल लावावं असं कुणीतरी सांगतं आणि घरात हाताशी खोबरेल असतं. वनस्पती तेलात मेदाम्लं असतात, जुनं होत जाईल तशी वाढतात. म्हणजे ज्यापासून हिरवं बनतं तेच आपण प्रेमानं चोळतो. शिवाय ते दारांच्या बिजागऱ्यांत चिकट होऊन बसतं आणि थंडीत गोठतं. शिलाई मशीनचं पांढरं तेल खनिज असतं, त्यात ही अडचण नाही.

किनाऱ्यालगत राहत असाल तर या सगळ्यावर खारी हवा आहेच. कोकणात, गोव्यात पावसाळ्याचे चार महिने रेझर बाथरूमच्या बाहेर ठेवा. एवढ्या एका बदलानं निम्मी तक्रार मिटलेली पाहिली आहे.

रोजचं काम मिनिटभराचं. दाढी झाली की रेझर सुटा करा किंवा पूर्ण उघडा, गरम पाण्याखाली धरा (गरम झालेला धातू लवकर सुकतो), दोनदा झटका आणि सुती फडक्यावर आडवा ठेवा. पातं दाबून पुसू नका, धार जाते. नुसतं हलवून फडक्यावर टाकलं की पुरे. बुड जिथे फिरतं तिथे आणि दारांच्या बिजागरीला तेलाचा एक थेंब, महिन्यातून एकदा. पावसात आठवड्याला. जास्त तेल घालू नका, बुड सैल होऊन दाढी करताना दारं उघडायला लागतात. उघड्या पितळावर हवं तर मेणाचं पॉलिश बोटानं चोळून कापडानं काढा. दांड्यावर ते बरेच दिवस टिकतं. डोक्यावर दोन-तीन दाढ्यांत धुऊन जातं, त्यामुळे तिथे कष्ट घेण्यात अर्थ नाही.

सोनेरी रेझरांचं प्रकरण वेगळं. सोन्याचा थर बहुधा एक मायक्रॉनच्याही आतला असतो, म्हणून जिलेटच्या बऱ्याच सोनेरी रेझरांवर वरून पारदर्शक लॅकर दिलेलं असे. उकळतं पाणी किंवा स्पिरिट लागलं की ते पापुद्र्यांनी सुटतं आणि मग सोनं दर पुसण्यागणिक जातं. इथे कोमट पाणी, साबण, मऊ ब्रश, आणि बस. स्पिरिट लावायचंच असेल तर आधी आतल्या बाजूला कापसानं टेकवून बघा, चिकट लागलं तर थांबा. आकडे फिरवून पात्याची धार आणि कड यांच्यातलं अंतर कमीजास्त करणाऱ्या रेझरांचंही तसंच. १९५८ च्या जाडजूड दांड्याच्या ‘फॅटबॉय’वर किंवा १९६१ पासूनच्या ‘स्लिम’वर आकड्यांत रंग भरलेला असतो. चष्मेवाल्याकडच्या ध्वनिलहरींच्या यंत्रात टाकलं तर स्वच्छता भारी होते, रंगही त्याबरोबर जातो.

प्लेटिंग कधी करायचं

तीनच परिस्थितींत मी ‘करा’ म्हणतो. सगळीकडे छिद्रं पडून मुलामा पापुद्र्यानं सुटतोय. किंवा खालच्या पट्टीच्या कडेला, जिथे ती त्वचेला घासते तिथे, खरखर आहे. हे कळायला कडेवरून कापूस फिरवा, तंतू अडकले तर खरखर आहे. किंवा निकेलची ॲलर्जी आहे, म्हणजे बोटांना किंवा गळ्याला रेझर लागला तिथेच खाज येते. अशा वेळी निकेलवर रोडियम किंवा क्रोमचा थर उपयोगी पडतो, पण पुन्हा नुसता निकेल देऊन काही साधत नाही.

आधी धातू ओळखा. चुंबकानं भागत नाही, कारण पितळ आणि जस्त दोन्हींना ते चिकटत नाही. सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा मिळतो, तो घ्या. टोपीचं वजन करा. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा. टोपी दोऱ्यानं पाण्यात पूर्ण बुडवून लटकती धरा, तळाला किंवा काठाला लागू देऊ नका, हवेचे बुडबुडे झटका. काटा जितके ग्रॅम दाखवेल तितके घन सेंटिमीटर तिचं आकारमान. २५ ग्रॅमच्या टोपीला ३ ग्रॅम आले तर घनता ८.३ च्या आसपास, म्हणजे पितळ. ३.७ आले तर ६.८ च्या आसपास, म्हणजे जस्ताचा मिश्रधातू. जस्तावर आम्लाचा निकेल थेट चढवला की तो फोड येऊन सुटतो, आधी तांब्याचा पक्का थर द्यावा लागतो. ही गोष्ट प्लेटिंगवाल्याला आपणहून सांगा, कारण तो तुकडा पितळच समजून टाकीत सोडेल. दांडा फारच हलका लागला तर तो ॲल्युमिनियमचा असेल, तो द्यायचाच नाही.

मोटरसायकलचे पाइप आणि सायकलची हँडलं करणाऱ्याकडे रेझर देण्यापेक्षा दागिन्यांना रोडियम करणाऱ्याकडे द्या. फरक मुलाम्याचा नाही, बफिंगचा, म्हणजे फिरत्या चाकावर घासून चमक आणण्याचा आहे. मोठ्या चाकावर दोन मिनिटांत तुमच्या दांड्याची नक्षी सपाट होते, मेड इन इंग्लंड अशी अक्षरं पुसट होतात, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे पट्टीची कड गोल होते. कड आणि पात्याची धार यांच्यातलं अंतर हेच रेझरचं सगळं शास्त्र. दोन्ही बाजूंना दहा-दहा मायक्रॉन निकेल चढला तर त्या अंतरात वीस मायक्रॉनचा फरक पडतो, तो जाणवत नाही. बफिंगनं कड मात्र त्याच्या कितीतरी पट खाल्ली जाते. म्हणून ‘चमक कमी आली तरी चालेल, कडेला चाक लावू नका’ असं तोंडी सांगा आणि चिठ्ठीवरही लिहून द्या. दांड्याच्या आट्यांवर मेण किंवा टेप लावायला सांगा, नाहीतर नंतर डोकं पूर्ण आवळलंच जात नाही. दांड्याला चीर असेल तर तो पाठवू नका, आत शिरलेलं तेजाब महिनोन्‌महिने बाहेर झिरपत राहतं. पिळून उघडणारा अख्खा रेझरही याच कारणानं टाकीत घालू नये. त्याला पर्याय एकच, जोड सोडवू आणि पुन्हा ठोकू शकणारा कारागीर. तो मिळेपर्यंत रेझर पिवळा राहू द्या.

परत आला की नवं पातं लावून डोकं समोरून बघा. दोन्ही बाजूंना पात्याची धार सारखी बाहेर दिसायला हवी. एका बाजूला जास्त दिसली तर दांडा अर्धा फेरा सैल करा, पात्याची टोकं चिमटीत धरून मधोमध आणा, पुन्हा आवळा. तरीही वाकडंच बसत असेल तर पट्टीवरच्या खुंट्यांवर जास्तीचा निकेल साठलाय. तो बारीक पॉलिश कागदाच्या एक-दोन हातांत निघतो.